कर्ता कोण? : अटारी २६०० या खेळयंत्राच्या इतिहासाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या इतिहासात ‘अटारी २६००’ या यंत्राचे स्थान मध्यवर्ती मानले जाते. सप्टेंबर १९७७ मध्ये ते अमेरिकेत ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ या नावाने बाजारात आले. १९८२ मध्ये त्याला ‘२६००’ हे नाव मिळाले आणि १९९२ च्या प्रारंभी त्याचे उत्पादन थांबले. या सुमारे चौदा वर्षांत जवळपास तीन कोटी यंत्रे विकली गेली. या यंत्राचा इतिहास सामान्यतः एका उद्योगाच्या उत्कर्षाची व अधःपाताची कथा म्हणून सांगितला जातो. कथेच्या आरंभी एक धडाडीचा उद्योजक असतो, मध्ये अफाट नफा असतो आणि शेवटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरलेला न विकल्या गेलेल्या मालाचा ढीग असतो. या शेवटाचे खापर ‘ई.टी.’ या एका खेळावर आणि तो पाच आठवड्यांत तयार करणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एका प्रोग्रामरवर फोडले जाते.

ही कथा सांगण्यास सोपी आहे. परंतु तिच्यात एक ठळक विसंगती दडलेली आहे. अटारीचे खेळ लाखोंनी खपत होते तेव्हा त्यांच्या वेष्टनावर केवळ कंपनीचे नाव असे. तो खेळ कोणी रचला हे ग्राहकाला कळू नये अशीच व्यवस्था होती. खेळ फसला तेव्हा मात्र लोकस्मृतीने त्यामागील माणसाचे नाव नेमके शोधून काढले. यशाचे श्रेय संस्थेकडे आणि अपयशाचा दोष व्यक्तीकडे, अशी ही विभागणी आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीच्या आधारे अटारी २६०० च्या इतिहासाचे पुनर्वाचन केले आहे. खेळ ही एखाद्याची कृती आहे की कारखान्यातून बाहेर पडणारा माल आहे, या प्रश्नाला कंपनीने दिलेले उत्तर तिच्या भरभराटीशी, तिच्या उत्तम खेळांशी आणि तिच्या पतनाशीही जोडलेले आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

यंत्राची घडण

नोलन बुशनेल आणि टेड डॅब्नी यांनी १९७२ मध्ये अटारी कंपनीची स्थापना केली. त्याच वर्षी ॲलन अल्कॉर्न यांनी तयार केलेला ‘पाँग’ हा खेळ सार्वजनिक ठिकाणच्या नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांत लोकप्रिय झाला आणि १९७५ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती सीअर्स या विक्रेत्यामार्फत बाजारात आली. या आरंभीच्या यंत्रांमध्ये खेळ विद्युतमंडलातच पक्का बसवलेला असे. नवा खेळ हवा असेल तर नवे यंत्र घ्यावे लागे. १९७६ च्या अखेरीस फेअरचाइल्ड कंपनीने ‘चॅनल एफ’ हे यंत्र आणले आणि ही स्थिती बदलली. जेरी लॉसन यांच्या अभियांत्रिकी नेतृत्वाखाली घडलेल्या या यंत्रात खेळाची आज्ञावली वेगळ्या कार्ट्रिजमध्ये साठवलेली होती. महाराष्ट्रातील मुले नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमची ‘कॅसेट’ म्हणून जी वस्तू एकमेकांकडून मागून नेत, ती याच परंपरेतली.

कार्ट्रिजमुळे खेळ आणि यंत्र एकमेकांपासून विलग झाले. त्याबरोबरच आणखी एक शक्यता निर्माण झाली : यंत्र बनवणारा आणि खेळ रचणारा हे दोघे वेगवेगळे असू शकतात. पुढील सर्व संघर्षाचे मूळ या शक्यतेत आहे.

अटारीचे यंत्र स्टीव्ह मेयर, रॉन मिल्नर, जो डेक्युअर आणि जे मायनर या अभियंत्यांच्या हातून घडले. किंमत आटोक्यात राहावी म्हणून त्यात ६५०२ या मायक्रोप्रोसेसरची काटछाट केलेली ६५०७ ही आवृत्ती वापरण्यात आली. तात्पुरती माहिती साठवण्याची मेमरी केवळ १२८ बाइट होती, तर कार्ट्रिजमध्ये, काही विशेष युक्ती न योजल्यास, ४ किलोबाइट इतकीच आज्ञावली मावत असे. १२८ बाइट म्हणजे किती, याची कल्पना एका उदाहरणाने येऊ शकेल. आज प्रचलित असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. या हिशेबाने अटारीच्या संपूर्ण मेमरीत स्वर, व्यंजने, काने, मात्रा धरून ४२ चिन्हे मावतील. मराठीतले एक मध्यम लांबीचे वाक्यही पुरे होणार नाही.

पडद्यावरील चित्र साठवून ठेवण्याची सोय या यंत्रात नव्हती. आडव्या १६० व उभ्या सुमारे १९२ बिंदूंचे चित्र केवळ दोन रंगांत साठवायचे म्हटले तरी ३,८४० बाइट, म्हणजे उपलब्ध मेमरीच्या तीसपट जागा लागली असती. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या नळीतील इलेक्ट्रॉन किरण पडद्यावर एकेक ओळ रेखाटत जात असतानाच प्रोग्रामरला त्या ओळीवर काय दिसावे हे ठरवावे लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरला ७६ आवर्तनांचा अवधी मिळे. पडद्यावर हलवता येण्याजोग्या मूळ वस्तू पाचच : दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रे आणि एक चेंडू. ‘पाँग’ आणि ‘टँक’ हे अटारीचे दोन आर्केड खेळ घरात खेळता यावेत एवढ्याच गरजेतून ही मांडणी झाली होती. बाकी जे काही या यंत्रावर साकारले, ते रचनाकारांच्या बुद्धीने त्याच्याकडून काढून घेतले. बॉब व्हाइटहेड यांचा ‘व्हिडिओ चेस’ (१९७९) हे याचे बोलके उदाहरण होय. बुद्धिबळाच्या पटावर एका ओळीत आठ सोंगट्या दाखवण्यासाठी त्यांनी सोंगट्यांच्या आकृत्या एकाआड एक ओळींवर विभागल्या. यंत्र आपल्या खेळीचा विचार करू लागले की चित्र रेखाटण्यास त्याला सवड उरत नसे आणि पट पडद्यावरून नाहीसा होई.

निक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट यांच्या ‘रेसिंग द बीम’ (२००९) या ग्रंथाने यंत्राच्या मर्यादा आणि निर्मिती यांचा हा संबंध खेळागणिक तपासला आहे. त्या विवेचनातून निघणारी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. अशा यंत्रावर चित्र, ध्वनी, नियम आणि आज्ञावली यांची वेगवेगळ्या विभागांत वाटणी करणे जवळपास अशक्य होते. चित्रात एक रेघ वाढवायची तर दुसरीकडे एखादा आवाज वा नियम गाळावा लागे आणि हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्यालाच घेता येई. त्यामुळे या यंत्रावरील खेळ बहुधा आरंभापासून शेवटापर्यंत एकाच व्यक्तीच्या हातून घडत. ‘कर्ता’ हा शब्द येथे अगदी शब्दशः लागू पडतो आणि म्हणूनच तो झाकून ठेवण्याचा निर्णय अधिक लक्षणीय ठरतो.

नाव नसलेला कर्ता

१९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी कंपनी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. १९७८ च्या अखेरीस बुशनेल दूर झाले आणि वस्त्रोद्योगातून आलेले रे कसार यांच्याकडे कंपनीची सूत्रे आली. विक्री, वितरण आणि जाहिरात यांना शिस्त लावण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल. जपानमध्ये गाजलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची घरगुती आवृत्ती १९८० मध्ये परवाना घेऊन बाजारात आणण्याच्या निर्णयाने यंत्राचा खप झपाट्याने वाढला. मात्र प्रोग्रामरचे नाव वेष्टनावर अथवा खेळात येऊ द्यायचे नाही, हे धोरण कायम राहिले. कुशल माणसे प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेस पडू नयेत, हा त्यामागील एक हेतू होता.

कायदाही कंपनीच्या बाजूने होता. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीतील कामाचा भाग म्हणून निर्माण झालेल्या कृतीचा मालकच नव्हे, तर ‘लेखक’ही नियोक्ताच मानला जातो. भारतीय कायद्याशी याची तुलना उद्बोधक आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक आज्ञावलीचा अंतर्भाव साहित्यकृतीत होतो. नोकरीत निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम मालक, अन्य करार नसल्यास, कलम १७ नुसार नियोक्ता असतो. परंतु लेखक म्हणून व्यक्तीच ओळखली जाते आणि हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कलम ५७ तिच्याकडे ठेवते. मालकी आणि कर्तृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तुलनेतून स्पष्ट होते. अटारीच्या व्यवस्थेत मात्र त्या दोन्ही एकाच हाती होत्या.

या पार्श्वभूमीवर वॉरन रॉबिनेट यांचा ‘ॲडव्हेंचर’ (१९८०) हा खेळ वाचावा लागतो. केवळ शब्दांतून खेळल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकावरील एका साहसखेळाची प्रेरणा घेऊन रॉबिनेट यांनी ४ किलोबाइटमध्ये किल्ले, चक्रव्यूह, तीन ड्रॅगन आणि एक मंतरलेला चषक यांचे विश्व उभे केले. खेळाडू म्हणजे पडद्यावरचा एक साधा चौकोन. त्याला एका वेळी एकच वस्तू उचलता येते. तलवार घेतली तर किल्ली ठेवावी लागते. या खेळातले वटवाघूळ विशेष लक्षणीय आहे. ते खेळाडूच्या हातातली वस्तूही पळवते आणि खेळाडूला न दिसणाऱ्या दालनांतही वस्तूंची अदलाबदल करीत हिंडते. म्हणजे पडद्याबाहेरही हे विश्व चालूच राहते. पडदा म्हणजेच खेळाचे संपूर्ण मैदान, ही ‘पाँग’पासूनची कल्पना येथे मोडली गेली.

या विश्वात रॉबिनेट यांनी एक गुप्त दालन ठेवले. काळ्या किल्ल्यातील एका ठिकाणी पार्श्वभूमीच्याच रंगाचा, त्यामुळे जवळजवळ अदृश्य असलेला एक ठिपका सापडतो. तो आणखी काही वस्तूंसह विशिष्ट दालनात नेला की यंत्राची क्षमता अपुरी पडते, वस्तू लुकलुकू लागतात, त्यांच्याबरोबर एक भिंतही लुकलुकते आणि खेळाडू तिच्यातून पलीकडे जातो. पलीकडे अक्षरे झळकतात : हा खेळ वॉरन रॉबिनेटने निर्माण केला. रॉबिनेट यांनी १९७९ मध्ये कंपनी सोडली तेव्हा त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. सॉल्ट लेक सिटीतील एका किशोरवयीन खेळाडूने ते शोधून कंपनीला कळवले. नव्या चिपचा साचा करण्याचा खर्च टाळण्यासाठी कंपनीने ते तसेच राहू दिले आणि अशा दडवलेल्या गमतींना ‘ईस्टर एग’ हे नाव रूढ झाले.

हा प्रसंग बहुधा एक गंमत म्हणून सांगितला जातो. त्याच्या ‘पहिलेपणा’चा दावाही तपासून घ्यावा लागतो, कारण फेअरचाइल्डच्या ‘व्हिडिओ व्हिझबॉल’ (१९७८) या खेळातही रचनाकाराचे नाव दडवलेले होते. तथापि एकाहून अधिक कंपन्यांत एकाहून अधिक व्यक्तींना आपले नाव असे लपवून ठेवावेसे वाटले, यातूनच हा प्रश्न वैयक्तिक लहरीचा नव्हता हे सिद्ध होते. मराठी वाचकाला येथे अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रा आठवेल. परंतु नाममुद्रा उघड असते आणि रचनेच्या छंदातच सामावलेली असते. रॉबिनेट यांची मुद्रा चोरून कोरलेली आहे. तरीही तीही रचनेत मुरलेली आहे, हे विसरता येत नाही. दोनहून अधिक वस्तू नीट दाखवता न येणे हे यंत्राचे वैगुण्य होते. रॉबिनेट यांनी त्याच वैगुण्याचा दरवाजा केला आणि त्यामागे आपले नाव ठेवले. ते वाचण्यासाठी खेळाडूला यंत्राचा स्वभाव रचनाकाराइतकाच ओळखावा लागतो.

नाव छापणारी संस्था

कर्तृत्वाचा हा प्रश्न १९७९ मध्ये अधिक उघडपणे पुढे आला. अटारीच्या अंतर्गत विक्रीचे आकडे पाहून डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चार प्रोग्रामरच्या लक्षात आले की कंपनीच्या कार्ट्रिज विक्रीचा फार मोठा हिस्सा आपण रचलेल्या खेळांचा आहे. त्यांनी नाव आणि योग्य मोबदला यांची मागणी केली. क्रेन यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, जुळवणीच्या साखळीवर कार्ट्रिज बसवणाऱ्या कामगाराइतकेच तुमचे महत्त्व आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. या उत्तरात कामगाराचा गौरव नव्हता. खेळाला माल समजण्याची दृष्टी मात्र त्यात स्पष्ट होती. त्या चौघांनी जिम लेव्ही यांच्यासह ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी स्थापन केली. यंत्र न बनवता दुसऱ्याच्या यंत्रासाठी केवळ खेळ रचणारी ही पहिली संस्था होय. अटारीने तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९८२ मध्ये तो वाद तडजोडीने मिटला.

ॲक्टिव्हिजनने वेष्टनावर रचनाकाराचे नाव छापले आणि माहितीपुस्तिकेत त्याचे छायाचित्र व खेळाडूंसाठी सूचना दिल्या. या बदलाचा कृतींवर परिणाम झाला का, हा समीक्षेच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. क्रेन यांचा ‘पिटफॉल!’ (१९८२) आणि कॅरल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ (१९८२) हे दोन खेळ त्याचे उत्तर देतात. ‘पिटफॉल!’मध्ये जंगलाची २५५ दृश्ये आहेत. ती सर्व साठवण्यास कार्ट्रिजमध्ये जागा नव्हती. म्हणून क्रेन यांनी एका संख्येपासून पुढची संख्या काढणारे लहानसे गणिती सूत्र योजले आणि प्रत्येक संख्येतून एक दृश्य उलगडले. तेच सूत्र उलट चालवले की मागचे दृश्य मिळते, त्यामुळे खेळाडूला डावीकडेही जाता येते. शॉ यांनी ‘रिव्हर रेड’मधील नदीचा दीर्घ प्रवाह अशाच तत्त्वाने निर्माण केला. काठ यादृच्छिक वाटतात. पण प्रत्येक डावात नदी तीच असते आणि सरावाने खेळाडू तिची वळणे ओळखू लागतो. येथे यंत्राच्या उणिवेवर मात करणारी युक्ती हीच खेळाच्या अनुभवाची बैठक बनली आहे.

शॉ यांचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. ॲक्टिव्हिजनमध्ये येण्यापूर्वी त्या अटारीतच होत्या आणि तेथे त्यांनी ‘थ्री-डी टिक-टॅक-टो’सारखे खेळ रचले होते. ‘वॉरलॉर्ड्स’ची २६०० वरील आवृत्ती रचणाऱ्या कार्ला मेनिन्स्की याही अटारीत काम करीत होत्या. वेष्टनावर नाव नसण्याचा एक परिणाम असा झाला की या क्षेत्रात स्त्रिया आरंभापासून होत्या, ही वस्तुस्थितीच ग्राहकांपासून आणि नंतरच्या इतिहासकारांपासून दुरावली. अनामिकता सर्वांना सारखीच झाकत असली तरी ज्यांची उपस्थिती कोणी गृहीत धरत नाही त्यांना ती पूर्णपणे पुसून टाकते. शॉ यांना उद्योगातील मानाचा पुरस्कार मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

दोन अपयशांचे वाचन

१९८२ मधील ‘पॅक-मॅन’ आणि ‘ई.टी.’ या खेळांकडे या संदर्भात पाहिले तर त्यांची अपयशे वेगळी दिसू लागतात. टॉड फ्राय यांनी केलेल्या ‘पॅक-मॅन’च्या आवृत्तीत भुते सतत लुकलुकतात, कारण यंत्राच्या मोजक्या वस्तूंमध्ये चार भुते बसवण्यासाठी ती आळीपाळीने रेखाटली जातात. खेळाडूंची निराशा झाली. तरीही सत्तर लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पण अटारीने त्याच्या सुमारे १ कोटी २० लाख प्रती बनवल्या होत्या आणि वापरात असलेली यंत्रे तेव्हा सुमारे एक कोटीच्या घरात होती, असे सांगितले जाते. लुकलुकण्याचा दोष यंत्राचा की रचनाकाराचा, या वादाचे उत्तर अटारीनेच पुढच्या वर्षी दिले. १९८३ च्या ‘मिस पॅक-मॅन’मध्ये ८ किलोबाइटचे कार्ट्रिज वापरल्यावर त्याच यंत्रावर भुते कितीतरी स्थिर दिसली. साधने आणि अवधी यांचा निर्णय व्यवस्थापनाच्या हाती होता. प्रतींची संख्याही त्यांनीच ठरवली होती.

‘ई.टी.’च्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटाचे हक्क मोठ्या रकमेला घेतले गेले तेव्हा जुलै १९८२ संपत आला होता आणि नाताळच्या बाजारासाठी खेळ तयार हवा होता. वॉरशॉ यांना पाच आठवडे मिळाले. याच वॉरशॉ यांनी त्यापूर्वी ‘यार्स रिव्हेंज’ (१९८२) हा खेळ रचला होता, ज्यात त्यांनी स्वतःची आद्याक्षरे दडवली होती आणि ज्याचा समावेश २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने आपल्या संग्रहात केला. त्यामुळे रचनाकाराच्या कुवतीचा प्रश्न उरत नाही.

‘ई.टी.’ हा खेळही प्रामाणिकपणे वाचला तर निव्वळ टाकाऊ ठरत नाही. सहा दृश्ये घनाच्या सहा पृष्ठांप्रमाणे जोडलेली आहेत. शत्रूला मारणे हा त्याचा हेतू नाही. परक्या ग्रहावर अडकलेल्या जीवाने दूरध्वनीचे तीन भाग शोधून घरी निरोप धाडायचा आहे आणि प्रत्येक पावलागणिक त्याची शक्ती घटत जाते. एकाकीपणाची ही कल्पना त्या काळच्या गोळीबाराच्या खेळांहून वेगळी होती. परंतु ते भाग खड्ड्यांत आहेत. खड्ड्याच्या कडेला आकृतीचा एखादा बिंदू लागला तरी खेळाडू आत पडतो आणि वर येताच पुन्हा पडतो. आणखी काही आठवडे चाचणी झाली असती तर हा दोष दूर होण्यासारखा होता. खेळ अपुरा राहिला, यात संशय नाही. मात्र सुमारे चाळीस लाख प्रती बनवण्याचा निर्णय ज्या विश्वासावर घेतला गेला, तो खेळावरील विश्वास नव्हता. वेष्टनावरील चित्रपटाच्या नावावरचा होता. खेळ म्हणजे माल आणि नाव विकले की माल विकला जातो, ही दृष्टी येथे तिच्या टोकाला पोचली.

मंदीची कारणे आणि एक आक्षेप

डिसेंबर १९८२ मध्ये वॉर्नरने नफ्याचा अंदाज घटवला आणि तिच्या समभागांचे मूल्य कोसळले. १९८३ मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. जुलै १९८३ मध्ये कसार यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९८४ मध्ये कंपनीचा गृहोपयोगी विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकण्यात आला. या मंदीमागे घरगुती संगणकांच्या घसरत्या किमती, प्रतिस्पर्धी यंत्रांची गर्दी आणि दुकानांत साचलेला माल अशी अनेक कारणे होती. एका खेळाने एवढा उद्योग बुडू शकत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

येथे प्रस्तुत प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप घेता येतो. रचनाकारांनी कंपनी सोडून स्वतंत्र होण्यानेच बाजाराचे दार सर्वांना उघडले आणि त्यातून सुमार खेळांचा पूर आला, असे म्हणता येईल. हा आक्षेप निराधार नाही. ॲक्टिव्हिजनच्या यशानंतर खेळांशी संबंध नसलेल्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या. कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीसाठीही एक खेळ निघाला. मूळ अमेरिकी स्त्रीवरील अत्याचाराला खेळाचा विषय करणारा ‘कस्टर्स रिव्हेंज’ (१९८२) सारखा निंद्य खेळही याच मुक्त बाजारात आला आणि त्याविरुद्ध निदर्शने झाली. स्वातंत्र्य म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मान्य करावेच लागते. तथापि या पुरातील बहुसंख्य खेळांवरही कर्त्याचे नाव नव्हते. नवागत कंपन्यांनी ॲक्टिव्हिजनकडून बाजारात शिरण्याची वाट घेतली, पण कृतीला कर्ता असतो हा विचार घेतला नाही. त्या अर्थाने हा पूर अटारीच्याच दृष्टीचा विस्तार होता.

१९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डोच्या यंत्राने या समस्येवर वेगळा तोडगा काढला. परवाना नसलेले कार्ट्रिज चालू नये म्हणून यंत्रात कुलूपासारखी चिप बसवली गेली आणि परवानाधारक कंपन्यांना वर्षाला मोजकेच खेळ काढण्याची मुभा मिळाली. बाजार सावरला. कर्तृत्वाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या काळच्या अनेक जपानी खेळांच्या श्रेयनामावलीत रचनाकार टोपणनावांनीच वावरत.

उत्खनन आणि स्मृती

सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत न विकलेला माल पुरला. ‘ई.टी.’च्या लाखो प्रती तेथे गाडल्याची दंतकथा तीस वर्षे सांगितली गेली. एप्रिल २०१४ मध्ये एका माहितीपटाच्या निमित्ताने तेथे उत्खनन झाले आणि सुमारे १,३०० कार्ट्रिजे बाहेर काढण्यात आली. त्यांत ‘ई.टी.’ होताच, पण ‘सेंटिपीड’, ‘डिफेंडर’, ‘मिसाइल कमांड’, ‘वॉरलॉर्ड्स’ हे नावाजलेले खेळही होते. दंतकथेने एका खेळाची कबर कल्पिली होती. प्रत्यक्षात निघाले ते एका गोदामातील शिल्लक मालाचे अवशेष. चांगले आणि वाईट, यशस्वी आणि अयशस्वी असा भेद न करता सगळे एकाच खड्ड्यात लोटले गेले होते. माल म्हणून पाहणाऱ्या दृष्टीला तो भेद करण्याचे कारणच नव्हते.

समारोप

अटारी २६०० चा इतिहास केवळ उद्योजक, नफा आणि मंदी यांच्या भाषेत सांगितला तर त्यातून एक सोपा बोध निघतो : वाईट खेळाने उद्योग बुडवला. कर्तृत्वाचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला तर रॉबिनेट यांचे गुप्त दालन, चौघांचे बहिर्गमन, शॉ यांचे उशिरा झालेले कौतुक आणि वॉरशॉ यांच्यावर आलेला दोष हे सुटे प्रसंग एकमेकांशी जोडले जातात. खेळ रचणाऱ्याचे नाव नाकारणारी व्यवस्था त्याच्याकडून उत्तम काम करवून घेऊ शकली. मात्र ते काम उत्तम का आहे हे तिला कळले नाही. त्यामुळे ते कशाने बिघडेल हेही तिला कळू शकले नाही.

एकहाती रचनेचा तो काळ आता मागे पडला आहे. मोठ्या खेळांवर आज शेकडो माणसे काम करतात आणि कोणाचे नाव श्रेयनामावलीत यावे यावर वाद झडतात. एका कर्त्याची कल्पना जशीच्या तशी त्यांना लावता येणार नाही. मात्र श्रेय देताना संस्थेकडे आणि दोष देताना व्यक्तीकडे पाहण्याची सवय कायम आहे, आणि ती केवळ या एका उद्योगापुरती मर्यादित नाही. व्हिडिओ गेमसारख्या तुलनेने नव्या कलाप्रकाराचा इतिहास लिहिताना ‘किती खपले?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणी रचले, आणि कोणत्या परिस्थितीत?’ हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. त्याशिवाय समीक्षेला कृतीचे मूल्य ठरवता येणार नाही आणि इतिहासाला दोषाचे न्याय्य वाटपही करता येणार नाही.